बघू म्हणजे हो

१२ मार्च

धाकट्या,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचे असतात. या खेपेला ते मी माझ्यापाशी राखून ठेवले आहेत. तुझं उत्तर आलं की पाठवायचे की नाही ते ठरवेन. आई बरी आहे.

तुमच्या योजनेचा मोजणीवाला गावात येऊन गेला. माणूस गरीब आहे. चढ चढून आला की आधी आपल्या पाणचक्कीच्या उंबऱ्यावर बसायचा आणि धाप ओसरेपर्यंत नुसत्या हातवाऱ्यांनी बोलायचा. त्याच्याजवळ डोक्याला लाल रंग दिलेल्या खुंट्यांची मोळी होती. त्या खुंट्या आम्ही सगळ्यांनी मिळून ठोकल्या. हो, आम्हीच. लोहारानं आपला घण आणला. थोरल्या काकांना स्वतःच्या गोठ्याचं दार बसवायला वर्षभर सवड झाली नाही, पण खुंटी धरायला ते सगळ्यांत पुढे. आम्हाला वाटलं, ओढ्यावरच्या पुलाची मोजणी चालली आहे. इतकी वर्षं मागतोय, आला एकदाचा. खुंट्या ओढ्यापासून वर वर यायला लागल्या तेव्हा आम्हीच एकमेकांची समजूत घातली, की पूल म्हटला म्हणजे वाट आली आणि वाट म्हटली म्हणजे वळणं आली.

शेवटची खुंटी चक्कीच्या दारात आली तेव्हा मी विचारलं, "काय हो, तुमचा पूल माझ्या जात्यावरून जाणार का?"

"कसला पूल?" तो म्हणाला. "ही पाण्याच्या टाकीची हद्द. तुम्ही सगळे खाली रस्त्यालगत नव्या वस्तीत जाणार, आणि इथे टाकी होणार. इथून पाणी खाली जाईल. तुम्हाला माहीत नाही?"

"आम्हाला कोण सांगणार?"

"अहो ताई, तुम्हीच तर होकार दिलात. सभेत आमच्या योजनेच्या मोठ्या बाईंनी विचारलं, खाली यायला आवडेल का, तर एकजात सगळे म्हणालात, बघू. बाईंना उलगडा होईना, हे हो म्हणतायत की नाही म्हणतायत. तेव्हा सभेनंतर तुमच्या भावानंच सांगितलं ना त्यांना, आमच्याकडे बघू म्हणजे हो."

लोहाराचा घण वर गेलेला होता, तो तसाच खाली आला आणि बाजूच्या दगडावर बसला. मोजणीवाल्याला आपण काय बोलून बसलो ते समजेना. त्याला मी चहा दिला, कारण त्याचा काही दोष नव्हता.

आता तुझ्याकडे वळते. आपल्या गावात दारी आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. बिचारा एवढा चढ चढून आलेला असतो. म्हणून बघू म्हणायचं. ऐकणारा काय ते समजतो, कप खाली ठेवतो आणि उठतो. हे तुला मी शिकवायचं? लहानपणी त्या निळ्या छत्रीसाठी तू आईच्या मागे लागला होतास. आई बघू म्हणाली आणि तू अंगणात लोळण घेतलीस. बघू म्हणजे हो असतं तर लोळलास कशाला? पलीकडच्या खोऱ्यातले लोक मला मागणी घालायला आले होते, तेव्हा बाबा बघू म्हणाले आणि पाहुण्यांनी तिथल्या तिथे काठ्या उचलल्या. तू पोत्यांमागे बसून खिदळत होतास. मला तो मुलगा बरा वाटला होता, पण ते आता सांगून उपयोग नाही. ज्या शब्दावर बहिणीचं लग्न मोडलं त्याचा अर्थ तुला ठाऊक नव्हता, असं मला सांगू नकोस.

एका ओळीत उत्तर दे. तू तसं म्हणालास की नाही?

ताई


२ एप्रिल

धाकट्या,

एक ओळ मागितली, तू पाच पानं पाठवलीस. ज्याला नुसतं हो म्हणायची लाज वाटते तो पानं भरतो. उत्तर पोचलं.

तुझं म्हणणं असं, की रस्ता, दवाखाना, शाळा, नळ हे सगळं एकत्रच यायला हवं, म्हणून तर योजनेचं नाव एकात्मिक. त्यातलं एक काढलं की बाकीचं ढासळतं. डोंगराच्या खांद्यावर विखुरलेल्या घरांसाठी कुणी दवाखाना बांधत नाही, तेव्हा घरांनीच उठून दवाखान्याजवळ जायचं. वाचायला छान वाटतं. पण अरे, हा शब्द गावात कुणाच्या जिभेवर बसत नाही. लोहार त्याला 'एकटा मीच' म्हणतो. मला वाटतं, लोहाराला तो बरोबर ऐकू आलाय.

एकत्र म्हणजे काय ते तू याच चक्कीत वाढून विसरलास. ओढ्याचं पाणी पन्हळीतून येतं आणि आपलं जातं फिरवतं. तिथून ते लोकर धुवायच्या कुंडात जातं, कुंडातून भाजीच्या वाफ्यांत, आणि उरलेलं गुरांच्या डोणीत. वर कुणी पन्हळ अडवली की खालची घरं भांडायला येतात. मागच्या वर्षी सुईण आत्या माझ्याशी पाण्यावरून पंधरवडाभर बोलत नव्हत्या, आणि तरी रोज दळण घेऊन येत होत्या. बोलायचं नाही म्हणून दळण सुपात ठेवून खाकरायच्या. तुमच्या रांगेतल्या घरांना प्रत्येकाला आपापला नळ असणार. मग भांडायला तरी कोण कुणाच्या दारात जाईल?

तिसऱ्या पानावर तू बाबांना आणलंस. ते आणायला नको होतंस. त्यांना पोटात कळ आली, ओढा चढला होता, आपण त्यांना घेऊन अलीकडच्या काठावर बसून राहिलो, हे मला सांगतोस? त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तुझ्या हातात त्यांचे बूट होते. ओढा उतरला तेव्हा ते बूट घालायला कुणी उरलं नव्हतं. आईवर तशी वेळ येऊ नये म्हणून तू हे केलंस, असं लिहितोस. तू खोटं लिहितोस असं मी म्हणत नाही. पण बाबा गेले ते पूल नव्हता म्हणून. गाव उंचावर होतं म्हणून नाही. पाय घसरला म्हणून कुणी पाय तोडून ठेवत नाही.

थोरले काका म्हणाले, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. मी त्यांना गप्प केलं. ते चुकीचं बोलले असं मात्र मला म्हणता आलं नाही.

तुझ्या मोठ्या बाईंना सांग, आम्हाला पूल हवा आहे आणि आठवड्यातून एकदा नर्सबाई हवी आहे. आम्ही हलणार नाही. आई बरी आहे. तिला पत्र वाचून दाखवलेलं नाही.

ताई


२० एप्रिल

धाकट्या,

मोठ्या बाई पुढच्या महिन्यात स्वतः येऊन गावाला शेवटचं विचारणार, हे तू कळवलंस. ते दटावणी म्हणून कळवलंस की सावध करायला, हे मला तुझ्या अक्षरावरून ठरवता आलं नाही. दोन्हीबद्दल आभार.

आम्ही तयारीला लागलो आहोत. सगळं गाव चक्कीत जमतं आणि नाही म्हणायला शिकतं. हसू नकोस. ज्यांनी जन्मात पाहुण्याला नाही म्हटलं नाही त्यांच्या जिभेला ते वळण कुठून असणार? पहिल्या दिवशी मी मोठ्या बाई झाले. डोक्याला रुमाल गुंडाळला, पोत्यावर चढले आणि विचारलं, "काय मंडळी, खाली यायचं ना?"

सगळे एका सुरात म्हणाले, "बघू."

"बघू नाही. नाही."

"म्हणजे बघू नाही म्हणायचं, की नाही नाही म्हणायचं?" लोहारानं विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

मग त्यानं घरी सराव करायचं मनावर घेतलं. बायकोनं चहा विचारला, हा म्हणाला नाही, तिनं खरोखरच दिला नाही. दुपारभर चक्कीत तोंड पाडून बसला होता. थोरले काका नाही म्हणतात, पण म्हणून झालं की लगेच हात जोडतात. त्यांचे हात धरून ठेवायला शेजारी माणूस बसवावा लागणार. सुईण आत्यांना मात्र काही शिकवावं लागलं नाही. जन्मभर बायकांना "अजून नाही, जोर लावू नकोस" असं दटावत आल्या आहेत, त्यातला 'अजून' तेवढा गाळायचा होता.

सगळंच हसण्यावारी गेलं असं नाही. लोहाराची सून मांडीवरच्या पोरीला थोपटत म्हणाली, "ताई, तुम्ही नाही म्हणा. मी हो म्हणणार. मागच्या थंडीत हिला ताप चढला तेव्हा मी हिला छातीशी बांधून ओढ्यातून चालत गेले. तुम्ही नव्हता गेलात."

मी म्हटलं, "दवाखाना आपण मागणारच आहोत. फक्त घराच्या बदल्यात नाही."

"आणि नाही दिला तर?"

माझ्या तोंडाशी बघू आलं होतं. मी ते गिळलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात म्हणतात. मी जात्याची मालकीण, मला वाटायचं आपण दोन्हींत नाही. त्या दिवशी समजलं, मीही सुपातच बसले होते.

तरी माझं म्हणणं बदललेलं नाही. आई बरी आहे. हल्ली दिवसाही पडून असते, तेवढीच विश्रांती.

ताई


८ मे

धाकट्या,

सभेला तू होतास, मग लिहायचं कशाला, असं तुला वाटेल. तू सगळा वेळ मान खाली घालून नकाशाचा कोपरा धरून उभा होतास, तुला काही दिसलं नसेल. म्हणून लिहिते.

शाळेच्या खोलीत पोरांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे हनुवटीशी घेऊन बसली होती. फळ्यावर तुमचा नकाशा होता. त्यात सारखी घरं सरळ रांगेत, आणि कुठल्याच घराला ओढ्याकडे तोंड नाही. मोठ्या बाई बोलल्या ते मनापासून बोलल्या, हे मी कबूल करते. आपल्या डोंगरात किती बायका बाळंतपणात दगावतात ते त्यांनी सांगितलं, तेव्हा सुईण आत्यांनी नावं घेऊन मान डोलावली. त्या वाईट बाई नाहीत. त्यांना वाईट वाटतं म्हणून तर त्या ऐकत नाहीत.

मग त्यांनी विचारलं, "काय मग, यायचं ना खाली?"

थोरले काका उठले. महिनाभर घोकलेलं सगळं त्यांच्या डोळ्यांत होतं, ते मला समोरून दिसत होतं. त्यांनी खाकरून घसा साफ केला, पाहुणीकडे बघितलं आणि म्हणाले, "बघू."

बाई हसल्या, आणि खरोखर खूश होऊन म्हणाल्या, "बघू म्हणजे काय ते आता मला कळतं हं. तुमची भाषा शिकले मी."

तू तेव्हा मान वर केली असतीस तर? मी तुझ्याकडेच बघत होते. एवढा वेळ मी कुणाची वाट बघितलेली नाही. तू नकाशाचा कोपरा बोटानं सपाट करत राहिलास.

मग मीच उठले. जात्याच्या घरघरीवर ओरडून ओरडून माझा आवाज भसाडा झालेला आहे, पण त्या वेळी तो पार बारीक निघाला. मी म्हटलं, "नाही."

"काय नाही?"

"बघू म्हणजे नाही. बाई, आम्ही तुम्हाला पहिल्याच दिवशी नाही म्हटलं होतं. तुम्ही पाहुण्या होता म्हणून जरा मऊ करून म्हटलं. आज टणक म्हणते. आम्ही गाव सोडणार नाही."

त्यांनी तुझ्याकडे वळून विचारलं, "अहो, हे काय आहे? तुम्ही तर मला सांगितलं होतंत."

तू म्हणालास, "इथल्या लोकांचं तसं..." आणि थांबलास. इथल्या लोकांचं. तुझा जन्म त्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर झाला आहे.

मग एकेक जण उठायला लागला. लोहार म्हणाला, "नाही. चहा मात्र घेऊन जा." सुईण आत्या बसल्या जागेवरून म्हणाल्या. थोरल्या काकांनी दुसऱ्यांदा उठून दुरुस्ती केली आणि हात जोडले नाहीत. लोहाराची सून सगळ्यांत शेवटी उठली. पोर कडेवर. मला वाटलं, आता संपलं. ती म्हणाली, "नाही. पण नर्सबाई पाहिजे. ते लिहून घ्या."

बाई म्हणाल्या, "हे असं आवडेल तेवढं निवडून घ्यायला हा भाजीबाजार नाही. योजना घ्यायची तर अख्खी. नाहीतर पूल नाही, दवाखाना नाही, काही नाही. उद्या कुणाचं काही बरंवाईट झालं तर मग मला बोल लावू नका."

मी म्हणाले, "बरं."

बरं म्हणायला काय लागतं? मी भ्याले होते, धाकट्या. अजून भ्यालेली आहे. सगळ्या गावाला मी रिकाम्या हाती बसवलं की काय, हा विचार दळताना, झाडताना, जेवताना पाठ सोडत नाही. तरी पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच म्हणेन.

शेवटचं. आई सकाळपासून खिडकीत बसली होती. तिला शाळेपर्यंत चालणं जमलं नसतं. तू शाळेच्या माठातलं पाणी प्यायलास आणि खाली उतरून गेलास. घर वाटेतच होतं.

ताई


२५ जुलै

धाकट्या,

आई बरी आहे. हे वाक्य मी या वेळी खरं लिहिते आहे. आतापर्यंतच्या पत्रांत ते खोटं होतं. थंडी संपता संपता तिचा श्वास अडकायला लागला होता. तुला कळवलं असतं तर तुझ्या हाती आयतं कोलीत मिळालं असतं, म्हणून नाही कळवलं. त्याबद्दल मी माफी मागणार नाही. तू जिंकायला निघाला होतास, मीही.

तिला मागच्या आठवड्यात खाली दवाखान्यात न्यावं लागलं. ओढा बाबांच्या वेळी होता तसाच होता, वरच्या दगडांना लागलेला. आणि आम्ही पलीकडे गेलो. कसे ते सांगते.

सभेच्या दुसऱ्याच दिवशी लोहार चक्कीत आला आणि म्हणाला, "ताई, नाही म्हणून झालं. आता काय करायचं?" मी म्हटलं, पूल. तो म्हणाला, "कोण देणार?" मी म्हटलं, आपण त्यांना नाही म्हटलंय, पुलाला कुठं म्हटलंय? घराघरांतून एकेक वासा मागितला. कुणी माळ्यावरचा काढला, कुणी पडवीचा. थोरल्या काकांनी आपल्या गोठ्याचं ते न बसवलेलं दार दिलं, आणि वर आम्हालाच ऐकवलं, "बघा, बसवलं नाही म्हणून उपयोगी पडलं." मोजणीवाला रजा काढून आला. त्यानं काठ बघितला आणि म्हणाला, खांब इथे नको, पाणी हा काठ खाणार, मागे त्या खडकावर घ्या. लोहारानं त्याच्याशी दिवसभर वाद घातला आणि संध्याकाळी खांब मागे घेतला. पुढे पाण्यानं तो काठ खरोखर खाल्ला. तेव्हापासून लोहार सगळ्यांना सांगतो, की खडक त्यानंच शोधला.

तुझ्या त्या लाल खुंट्या आम्ही सगळ्या उपटल्या. लाकूड चांगलं वाळलेलं होतं, टाकवेना. तासून त्यांच्या पाचरी केल्या आणि फळ्यांच्या सांध्यांत ठोकल्या. योजनेचं एवढं तरी आम्ही घेतलं.

आईला पाठीवरच्या खुर्चीत बसवून लोहारानं उचललं. लोहाराची सून पुढे, फळ्या चाचपत. मी मागे. खाली पाणी एवढं गरजत होतं, की आई काहीतरी बोलत होती ते ऐकू येत नव्हतं. माझ्या हातात तिच्या चपला होत्या. चालताना मला एकदम ते लक्षात आलं आणि मी त्या छातीशी धरल्या. पलीकडे लोहारानं तिला खाली ठेवलं, तेव्हा मी त्या चपला तिच्या पायांत घातल्या. ती म्हणाली, "मी मघापासून ओरडतेय, चपला विसरू नकोस म्हणून." मी तिथेच चिखलात बसून रडले. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

औषध लागू पडलं. आता घरी आहे, माझ्या दळण्यातल्या चुका काढते.

ताई


१४ ऑक्टोबर

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. एवढंसंच आहे, त्यामुळे खरं असावं.

त्यात तू जे लिहिलं नाहीस ते मला मोजणीवाल्यानं सांगितलं. सभा संपवून खाली उतरताना तू अर्ध्या वाटेत थांबलास आणि मोठ्या बाईंना म्हणालास, की ती बरोबर बोलली, बघू म्हणजे नाही, मला पहिल्यापासून माहीत होतं. बाईंनी तुला डोंगरातल्या कामावरून काढून गोदामात सतरंज्या आणि पंप सांभाळायला बसवलं. तू हे मे महिन्यात केलंस आणि मी ऑक्टोबरात ऐकते आहे. खोटं सगळ्या सभेसमोर चालू दिलंस, खरं मात्र चढावर एकटीला गाठून. उलटं केलं असतंस तर गावाचा उन्हाळा बरा गेला असता. तरी केलंस. ते मी जमेला धरते.

इकडची खबर. पूल झाल्यापासून नर्सबाई महिन्यातून दोनदा वर येते. लोहाराची सून तिला चक्कीत बसवते आणि रांग लावते. दुसरं काही आलेलं नाही. शाळेचं छप्पर गळतं ते गळतंच. मोठ्या बाई एकदा येऊन गेल्या, कुणाला न कळवता. पुलावर मध्यभागी उभ्या राहून त्यांनी पाचरी निरखल्या आणि विचारलं, "हा लाल रंग कसला?" मी सांगितलं. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. जाताना म्हणाल्या, "छपराचं मी विचारून बघते. जमेल असं नाही सांगत." मी म्हटलं, हे चांगलं. सरळ बोललात.

आता तुझ्या शेवटच्या ओळीकडे येते. "घरी येऊ का?"

मी गावाला विचारलं नाही, पण गाव विचारायची वाट थोडीच बघतं. लोहार म्हणतो, येऊ दे, त्याला भाता ओढायला लावतो. सुईण आत्या म्हणतात, मी ओढून बाहेर काढलेला आहे, परत आत घ्यायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. थोरले काका तुझं नाव निघालं की उठून जातात, पण हल्ली दारापर्यंतच.

आईला मी सांगितलं, त्याला काय लिहायचं ते मला सुचत नाही. ती म्हणाली, "त्या छत्रीचं काय झालं होतं?" मी म्हटलं, कुठली छत्री. "निळी. मी बघू म्हणाले होते, तो लोळला होता. आणि पुढच्या वर्षी मी ती आणली होती. तू विसरलीस का?"

विसरले नव्हते. पहिल्या पत्रात ते मी मुद्दामच लिहिलं नाही. भांडताना माणूस समोरच्याच्या बाजूचं दळण कशाला दळून देईल? ती छत्री आपण दोघं एकत्र वापरायचो आणि तू ती नेहमी तुझ्याकडे कलती धरायचास. माझा डावा खांदा भिजायचा.

तेव्हा नीट वाच. मी आता नाही म्हणायला शिकलेली आहे, तू ते स्वतःच्या कानांनी ऐकलं आहेस. नाही म्हणायचं असतं तर तेच लिहिलं असतं, आणि चांगलं ठळक लिहिलं असतं. मार्चमध्ये राखून ठेवलेले आशीर्वाद अजून माझ्यापाशीच आहेत. ते टपालानं पाठवायचा माझा विचार नाही.

तू विचारलंस, घरी येऊ का. माझं उत्तर एका शब्दाचं आहे.

बघू.

ताई

ता.क. पुलाच्या मधल्या फळीची पाचर सैल झाली आहे. पाय जपून टाक.